शेजाऱ्यांची गाडी, ‘फुल इन्शुरन्स’ आणि कापलेलं डिपॉझिट

ताई, नमस्कार.

आम्ही ऐरोलीला राहतो, गाव राजापूर तालुक्यात. गेल्या गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून ॲपवरून पाच दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली. प्रोटेक्शनचे तीन प्रकार होते. ६०० रुपयांचं घेतलं तर नुकसान झाल्यास जास्तीत जास्त १०,००० माझ्यावर, १,१५० वाल्यात ४,००० आणि १,९०० वाल्यात १,०००. मी मधलं घेतलं. गाडी परत केल्यावर डिपॉझिटमधून ६,४०० कापले. बंपरवरच्या ओरखड्याचे २,४०० आणि गाडीखालच्या गार्डचे ४,०००. ‘विमा घेतला होता, मर्यादा ४,००० ची होती’ म्हटलं तर ‘अंडरबॉडी त्यात येत नाही’ असं उत्तर आलं. यंदा पुन्हा जायचंय. बायको म्हणते, या वेळी सगळ्यात महागडं घे. सोसायटीतले एक गृहस्थ त्यांची गाडी दिवसाला १,८०० नी द्यायला तयार आहेत, फुल इन्शुरन्स आहे म्हणतात. शिवाय जानेवारीत बहिणीकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत, तिथेही गाडी भाड्यानं घ्यायचीय. तिथे म्हणे विम्याचाच खर्च भाड्याएवढा होतो. काय घ्यावं, काय सोडावं? आणि गेलेले ६,४०० परत मिळतील का?

— एक वाचक, ऐरोली

*

नमस्कार.

शेजाऱ्यांच्या गाडीचं आधी बोलू. तुमचे बाकीचे प्रश्न काही हजारांचे आहेत. हा एक प्रश्न चुकला तर फ्लॅटवर येऊ शकतं.

मी ठाण्यात एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर चोवीस वर्षं काढली. ‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द या काळात रोज ऐकला, पण एकाही पॉलिसीवर छापलेला पाहिला नाही. पॉलिसीत दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. दोन्ही भाग असले की लोक ‘फुल’ म्हणतात. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ या मथळ्याखाली चार ओळी असतात आणि त्या कोणी वाचत नाही. त्यात सरळ लिहिलेलं असतं की गाडी भाड्यानं किंवा मोबदला घेऊन वापरली तर ही पॉलिसी लागू नाही. तुमचे शेजारी दिवसाला १,८०० घेणार, म्हणजे पहिल्याच दिवशी ते या ओळींच्या बाहेर जाणार आणि तुम्हालाही सोबत नेणार.

समजा वडखळ-नागोठण्याच्या पट्ट्यात एखाद्या दुचाकीला धक्का लागला. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी देणार नाही, हा त्यातला लहान भाग. जखमी माणसानं दावा लावला, तर विना परवाना भाड्यानं दिलेल्या गाडीबद्दल हात झटकायची मुभा कायद्याच्या कलम १५० नं विमा कंपनीला दिलेली आहे. पुष्कळदा अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण विमा कंपनीला ‘आधी तुम्ही भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं. वसुलीची नोटीस शेजाऱ्यांच्या घरी येते. आणि स्टिअरिंगवर तुम्ही होतात, तेव्हा दाव्यात तुमचं नाव असणारच. एकाच लिफ्टमधून रोज ये-जा करणाऱ्या दोन घरांत पुढे काय होतं ते सांगायला नको.

‘मग भाड्यानं घेतली असं सांगायचंच नाही’ हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. एक क्लेम आठवतो. घोडबंदर रोडवर रात्री गाडी डिव्हायडरवर चढली होती. मालक म्हणाला, मित्राला सहज दिली होती. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरनं मित्राला फक्त एवढंच विचारलं, की पेट्रोल कोणी भरलं? मित्र साधा माणूस, ‘मीच भरलं की’ म्हणत मोबाइल उघडून दाखवायला लागला. पेट्रोल पंपाच्या नोंदीच्या वरचीच नोंद मालकाच्या नावावर ४,५०० रुपयांची होती आणि खाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, ‘कार रेंट ३ डेज’. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

शेजाऱ्यांनी खरोखरच फुकट, विश्वासानं गाडी दिली तर गोष्ट वेगळी. तुमचा परवाना वैध असेल तर मालकाच्या परवानगीनं चालवणं पॉलिसीत बसतं. तसं करायचं असेल तर टाकी भरून, गाडी धुऊन परत करा, गावाहून आंबोळीचं पीठ आणि सोलं आणा. पैसे मात्र नकोत. आणि त्यांना पैसेच हवे असतील तर त्यांची गाडी नको.

भाड्यानं घ्यायची गाडी कायदेशीर आहे की नाही हे पाटीवरून कळतं. सेल्फ ड्राइव्हसाठी परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. खासगी गाडीची पांढऱ्यावर काळी, टॅक्सीची पिवळ्यावर काळी. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते, खासगी असेल तर अक्षरं पांढरी, धंद्याची असेल तर पिवळी. काळ्या पाटीचा धंदा १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेखाली चालतो आणि त्या परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात, म्हणजे सोसायटीतल्या एका गाडीवर तो मिळणं शक्यच नाही. ॲपवरही कधीकधी पांढऱ्या पाटीची गाडी पुढे येते, दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त. घेऊ नका. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, गाडीचा प्रकार, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते सगळं दिसतं. पैसे भरण्याआधी दोन मिनिटं लागतात. एमएच ०४ असो, ४३ असो की ४६, विमा संपलेली गाडी घेऊन तुम्ही खारघरच्या पुढे जायला नको.

आता तुमचं १,१५० रुपयांचं प्रोटेक्शन. तुम्ही पत्रात त्याला विमा म्हटलंय, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. विम्याचा करार विमा कंपनी आणि गाडीच्या मालकात, म्हणजे भाड्यानं देणाऱ्या कंपनीत असतो. त्या कागदावर तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही १,१५० भरून घेतलंत ते भाडेकंपनीचं एक आश्वासन: ‘अमुक प्रकारचं नुकसान झालं तर आम्ही तुमच्याकडून ४,००० पेक्षा जास्त घेणार नाही.’ खरी पॉलिसी असेल तर त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि यूआयएन नावाचा उत्पादनाचा क्रमांक असतो. तुमच्या बिलावर यातलं काही आहे का बघा. नसणार.

‘त्यांच्या गाडीचा विमा आहे, मग ओरखड्याचे पैसे माझ्याकडून का?’ हे लोक नेहमी चिडून विचारतात. कारण असं, की ओरखड्यासाठी भाडेकंपनी क्लेम करतच नाही. प्रत्येक क्लेममध्ये पहिली ठरावीक रक्कम मालकाच्या खिशातून जाते. बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या सुट्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, कापला जातो. वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. अडीच हजारांसाठी कोण हे घालवेल? त्यापेक्षा तुमचं डिपॉझिट जवळ असतं.

तेव्हा वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत काढू. ६०० वरून १,१५० वर गेलात की ५५० जास्त जातात आणि तुमच्यावरचा जास्तीत जास्त बोजा ६,००० नी कमी होतो. अकरा फेऱ्यांत एकदा गाडीला मोठा मार लागणार असेल तर हा सौदा बरोबरीत सुटतो. गणपतीच्या गर्दीत, पावसात, माणगावच्या रांगेत चारही बाजूंनी गाड्या चिकटलेल्या असताना अकरात एकदा मार लागणं मला सहज शक्य वाटतं, म्हणून हे घ्यावं. १,१५० वरून १,९०० वर गेलात तर ७५० जास्त आणि वाचणार जास्तीत जास्त ३,०००. म्हणजे चार फेऱ्यांत एकदा गाडी ठोकली तरच परवडेल. इतकी वाईट गाडी तुम्ही चालवत असाल तर वहिनींनी एसटीनं जावं. मधलंच घ्या. गेल्या वर्षी तुम्ही निवड चुकला नव्हतात, वाचन चुकला होतात.

कारण तिन्ही प्रकारांत जे येत नाही ते सारखंच असतं, आणि १,९०० भरूनही ते आलं नसतं. टायर, रिम, गाडीची खालची बाजू, हरवलेली किल्ली, आतल्या सीटवरचे डाग, क्लचप्लेट जाळणं, चुकीचं इंधन भरणं. ही यादी करारात मागच्या पानावर असते. सेल्फ ड्राइव्हमधले वाद मी जेवढे पाहिले, त्यातले बहुतेक या यादीवरून झाले. पॅकेजची किंमत बघण्याआधी ही यादी वाचा. दोन कंपन्यांच्या यादीत फरक असतो, आणि टायर-रिम धरणारी कंपनी २०० रुपयांनी महाग असली तरी कोकणात जायला तीच बरी. महामार्ग सोडून गावात उतरणारा रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जांभ्या दगडाची पायरी आणि गाडीचा पोटाचा भाग यांची गाठ तिथेच पडते. माझं ऐकाल तर शेवटच्या चढाला गाडी वर थांबवा आणि मूर्ती डोक्यावरून न्या. आपले वडील तशीच नेत होते.

पाण्याचं मात्र नीट ऐका, कारण इथे आकडा लाखात जातो. पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला, की एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन बसतं. साध्या मोटार पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत. पाणी शिरणं हा अपघात, पण नंतर तुम्ही किल्ली फिरवलीत ते तुमचं कर्म, असा विमा कंपनीचा युक्तिवाद. त्यासाठी मालकानं इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं, आणि भाडेकरारात हा खर्च बहुधा पूर्णच्या पूर्ण तुमच्या माथी असतो, ४,००० ची मर्यादा तिथे चालत नाही.

२००५ च्या २६ जुलैनंतर आमच्या ऑफिसच्या जिन्यावर क्लेम फॉर्म घेऊन माणसं बसली होती. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी शहरात शिरली, तेव्हाही तेच चित्र. दोन्ही वेळा ज्यांनी गाडी बंद पडल्यावर हात लावला नव्हता, त्यांची गाडी साफसफाई आणि वायरिंगवर निभावली. ज्यांनी ‘एकदा बघू’ म्हणून किल्ली फिरवली त्यांचं इंजिन उघडावं लागलं. म्हणून नियम एकच. ठाण्यात वंदना सिनेमाजवळ असो की महाडच्या अलीकडे, समोरच्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर थांबा. चुकून गेलात आणि गाडी बंद पडली तर किल्लीला हात न लावता ढकलून बाहेर काढा, पाणी कुठवर आलंय याचा व्हिडिओ घ्या आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा. गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकला बोनेट उघडू देऊ नका. कितीही चांगला असला तरी, भाड्याच्या गाडीला कंपनीला न विचारता पाना लागला की प्रोटेक्शन संपलं.

ड्रायव्हरचंही तसंच. ज्याच्या नावानं बुकिंग आणि ज्याचं लायसन्स ॲपवर चढवलंय, तोच चालवणार. तुम्ही थकलात, म्हणून कशेडीच्या पुढे मेहुण्याच्या हातात गाडी दिलीत आणि काही झालं, तर सगळं मुसळ केरात. दुसरा ड्रायव्हर आधीच नोंदवा. शे-दोनशे लागतील. राजापूरपर्यंतच्या रात्रीच्या प्रवासात एकाच माणसानं गाडी रेटण्यापेक्षा ते पैसे फार चांगल्या कामी लागले म्हणायचे. दारूबद्दल लिहीत नाही. गणपतीला जाताय.

पैसे वाचवायची एक हमखास जागा सांगते. बुकिंग करताना शेवटी एक चौकोन असतो, ‘पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर’, आणि त्यात खूण आधीच केलेली असते. ती काढून टाका, पण घरी कव्हर असेल तरच. गाडीच्या पॉलिसीबरोबर येणारं १५ लाखांचं अपघात संरक्षण हे मालक-चालकासाठी असतं, भाड्यानं घेणाऱ्यासाठी नव्हे. आणि दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे स्वतःच्या चुकीनं झालेल्या अपघातात त्याच्या घरच्यांना त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या एका निकालात सांगितलंय. म्हणून स्वतःचं अपघात संरक्षण वर्षभराचं हवं, फेरीपुरतं नको. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये तुमच्या बँक खात्यातून जातात का बघा, १८ ते ७० वयापर्यंत २ लाखांचं कव्हर मिळतं. ते तुमच्यासारख्या कमावत्या माणसाला पुरणारं नाही. विमा कंपन्यांकडे ‘सरल सुरक्षा बीमा’ या एकाच नावाची, एकाच अटींची पॉलिसी २०२१ पासून मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. एकदा घेतलीत की प्रत्येक बुकिंगला तो चौकोन डोळे मिटून रिकामा ठेवता येईल.

आता गाडी ताब्यात घेतानाचं. माझ्या नोकरीत मी शिकलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही, की ओली गाडी खोटं बोलते. पाण्याखाली ओरखडा दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गाडी मिळते तीच धुतलेली किंवा पावसात भिजलेली, वर तुम्ही ती रात्री नऊला कुठल्यातरी पुलाखाली पिवळ्या दिव्यात घेता. घरून एक जुनं टॉवेल न्या. चारही बंपर-कोपरे, दरवाज्यांच्या कडा आणि चाकांच्या वरची कमान पुसा, मग मोबाइलचा टॉर्च पत्र्याला समांतर, अगदी टेकवून धरा. समोरून प्रकाश टाकलात तर काही दिसत नाही, कडेनं टाकलात की केसाएवढी रेघही उठून दिसते. जुन्या ओरखड्यात मळ बसून रेघ काळी झालेली असते, ताज्याची कड स्वच्छ, पांढरट असते. सर्व्हेअर हेच बघतो, तुम्हीही बघा. मग उकिडवे बसा आणि पुढच्या बंपरखाली मोबाइल घालून गाडीचं पोट शूट करा. गार्डचे स्क्रू आहेत का, एखादा कोपरा आधीच लोंबतोय का. गेल्या वर्षी हा वीस सेकंदांचा व्हिडिओ असता तर आज ४,००० चा प्रश्नच नव्हता. स्टेपनी, जॅक, काचेच्या खालच्या कोपऱ्यातला खडीचा टवका, किलोमीटर, इंधनाचा काटा. व्हिडिओ लगेच ॲपवर किंवा मेलवर पाठवून द्या, वेळेची नोंद आपोआप होते. परत करतानाही हेच, आणि गाडी नेणाऱ्या मुलासमोर. तो घाईत असतो, ‘ठीक आहे सर’ म्हणतो. ठीक आहे तर ॲपवर तसं लिहून दे, म्हणायचं.

अमेरिकेचं गणित आपल्या उलट आहे, म्हणून तिथे इथली अक्कल चालवू नका. आपल्याकडे थर्ड पार्टीत माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद असते, मालमत्तेच्या नुकसानाला साधारण साडेसात लाखांची मर्यादा. त्यामुळे भाड्याची गाडी घेताना आपण फक्त गाडीच्या ओरखड्याची काळजी करतो. कॅलिफोर्नियात गाडीला जो किमान विमा सक्तीचा आहे तो १ जानेवारी २०२५ पासून एका माणसाच्या इजेला ३०,००० डॉलर, एका अपघातात एकूण ६०,००० आणि मालमत्तेला १५,००० एवढाच. तिथल्या इस्पितळांची बिलं बहिणीला विचारा, ३०,००० डॉलर किती तासांत संपतात ते ती सांगेल. वरचं सगळं तुमच्या खिशातून.

काउंटरवरचा माणूस तीन-चार नावं भराभर म्हणेल. सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू म्हणजे त्यांच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी झाली तर तुमच्याकडून वसूल करणार नाही, हे आश्वासन. तुमच्या १,१५० वाल्याचा मोठा भाऊ. एसएलआय म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेसाठीचा जादा विमा. पीएआय म्हणजे तुमच्या स्वतःच्या इजेचं कव्हर. आपले लोक पहिलं घेतात, दुसरं ‘परत कशाला’ म्हणून सोडतात. एकच घ्यायची ऐपत असेल तर दुसरं घ्या. गाडीची किंमत ठरलेली असते, माणसाच्या इजेची नसते. तिसरं सोडा, कारण इथून निघताना तुम्ही परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेणारच. पण त्या प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ लिहिलेलं दिसलं म्हणून एसएलआय सोडू नका, त्यात वाहन चालवताना झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं.

खरी बचत बहिणीकडे आहे. तिची तिथे स्वतःची गाडी आणि पॉलिसी असेल, तर तिनं स्वतःच्या नावानं भाड्यानं घेतलेल्या गाडीला ती पॉलिसी सहसा लागू होते, तिच्याच मर्यादा आणि तिच्याच डिडक्टिबलसकट, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेसकट. शिवाय तिथल्या अनेक क्रेडिट कार्डांवर गाडीच्या नुकसानाचं कव्हर फुकट असतं, अट एवढीच की भाडं त्याच कार्डावर भरायचं आणि काउंटरवरचं सीडीडब्ल्यू नाकारायचं. कार्ड दुसऱ्याच्या इजेचं काही देत नाही, हेही लक्षात असू द्या. तिनं बुकिंग करावं, तुमचं नाव जादा ड्रायव्हर म्हणून घालावं, आणि त्याआधी आपल्या विमा कंपनीला मेल टाकावा: ‘भारतातून आलेला माझा भाऊ भाड्याची गाडी चालवणार आहे, चालेल का?’ उत्तर लेखी हवं. ते ‘नाही’ आलं किंवा तुम्हीच घेणार असाल, तर इथूनच बुक करा आणि राहण्याचा देश भारत निवडा. परदेशी पाहुण्यांसाठी सीडीडब्ल्यू आणि एसएलआय ही दोन्ही कव्हर धरलेले दर अनेकदा मिळतात आणि ते काउंटरवर सुटं सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतात. आंतरराष्ट्रीय परवाना नवी मुंबईच्या आरटीओतून काढून ठेवा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. आपलं मूळ लायसन्स सोबत हवंच.

राहिले ६,४००. विमा लोकपालाकडे जाऊ नका. तुमच्याकडे पॉलिसीच नाही, तर ते ऐकणार काय? हा ग्राहक आणि सेवा देणारा यांच्यातला वाद आहे. आज कंपनीला मेल करा, बुकिंग क्रमांक टाका आणि तीन गोष्टी मागा: गार्डच्या दुरुस्तीचं वर्कशॉपचं बिल, गाडी परत घेतानाचा त्या भागाचा फोटो आणि करारातलं ते कलम. पंधरा दिवसांची मुदत द्या. दरम्यान त्या मॉडेलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट्सच्या खिडकीवर गार्डची किंमत विचारून या. बिल दाखवता आलं नाही तर कापायचा अधिकार डळमळीत होतो, आणि पुष्कळदा बिल नसतंच, कारण दुरुस्ती झालेलीच नसते. तोच गार्ड पुढच्या गिऱ्हाइकाच्या डिपॉझिटमधूनही कापला जातो. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याच कंपन्या तिथेच नमतात. त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो, वकील लागत नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे.

हे सगळं गार्डच्या ४,००० साठी. बंपरचे २,४०० विसरा. ते मर्यादेच्या आत आहेत, आणि तो ओरखडा तुमच्या हातून लागला नाही असं तुम्ही एवढ्या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही.